उतू गेलेलं दूध

म्हसळ्याच्या एसटी स्टँडवर पनवेल गाडीच्या खिडकीखाली आई उभी होती आणि माझ्याकडे बघतच नव्हती. बाबांनी तांदळाची पिशवी आणि माझी बॅग आत सरकवली आणि कंडक्टरला दोनदा बजावलं, पोरीला पनवेलला नीट उतरवा. केमिकलचा डिप्लोमा केलेली बावीस वर्षांची मी, आणि निघाले होते पार्सलसारखी. गाडी हलल्यावर आई एकदाची बोलली, "सा म्हयन्यांनी येईन बघाया. न्हाय पटलं तर बॅग भरायची नि माघारी यायचं."

आईला धास्ती होती गॅसची. आमच्याकडे शेगडी आली तेव्हा मी सातवीत होते. ती तिच्यावर फक्त चहा करायची, भात-भाकरी चुलीवरच. सिलिंडर बदलायचा झाला की पडवीत जाऊन उभी राहायची आणि तिथून विचारायची, "वास येतो का गो?" अशा बाईच्या मुलीला नोकरी लागली ती न्हावा शेव्याकडच्या एका गॅस टर्मिनलवर! बाबांनी वाडीभर पेढे वाटले. आई दोन दिवस धड जेवली नाही. मग मी तिला सांगून टाकलं की काम ऑफिसातलं आहे; खुर्ची, कॉम्प्युटर, एसी. गॅस तिकडे कुठेतरी लांब असतो.

लांब कसला! सकाळी गेटवर मोबाइल जमा करायचा, निळा डगला चढवायचा, हेल्मेट घालायचं, छातीवर गॅस गळला की वाजणारा डिटेक्टर अडकवायचा आणि पाइपांच्या जंगलात शिरायचं. जहाजातून आलेला गॅस गोल टाक्यांत भरतात, तिथून तो टँकरमध्ये जातो. पहिले पंधरा दिवस मला सगळे पाइप सारखेच दिसायचे. बूट चावायचे. उन्हात हेल्मेटखालून घाम डोळ्यांत उतरायचा आणि मला आमच्या विहिरीवरची सावली आठवायची. पण काम आवडायला लागलं होतं, आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं, याचंच जास्त वाईट वाटायचं. दुपारी आईचा फोन लागला नाही की संध्याकाळी मी म्हणायची, "मीटिंग होती." गावातून बाहेर पडलेल्या प्रत्येकाने अशी एक तरी मीटिंग घरच्यांना सांगितलेली असणार.

उरणला मी एक खोली भाड्याने घेतली होती. तिला मी रूम म्हणायची, घर म्हणायला जीभ वळत नव्हती. आईच्या तांदळाचा भात लावला की तेवढा अर्धा तास बरं वाटायचं. मग जेवून भांडी घासली की परत रूमच.

सहा महिन्यांनी आई-बाबा खरंच आले. आईने पिशवी खाली ठेवली, चारी भिंती बघितल्या आणि विचारलं, "दूध उतू घातलंस का हितं?" नव्या जागेत पहिल्यांदा दूध उतू घालायचं असतं, हे माझ्या गावीही नव्हतं. आईने पदर खोचला. शेगडीला ती हात लावणार नव्हती, म्हणून शेगडी मी पेटवली. पातेलं काठोकाठ भरलेलं. दूध वर आलं, आईने डोळे मिटून हात जोडले आणि सगळी साय बर्नरवर सांडली. चर्र झालं नि ज्योत विझली. शेगडीचा नॉब मोठ्यावरच. वास सुटला.

बाबा म्हणाले, "पंखा लावतो, वास जाईल," आणि त्यांनी भिंतीकडे हात नेला.

"बाबा, बटणाला हात लावू नका! बाहेर व्हा दोघं!"

हा आवाज माझा होता. आई-बापावर मी आयुष्यात असं ओरडले नव्हते. मी शेगडी बंद केली, रेग्युलेटर बंद केला, खिडकी-दार सताड उघडलं आणि त्यांना अनवाणीच गॅलरीत काढलं. खरं सांगायचं तर गॅस फार सुटला नव्हता. पण गॅस जड, जमिनीलगत साचतो, आणि बटणातली ठिणगी पुरते.

आई कठड्याला टेकून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "आफिसात शिकवतात व्हय ह्ये?"

मग मी सगळं सांगितलं. डगला, टाक्या, डिटेक्टर. हेही सांगितलं की गॅसला स्वतःचा वास नसतो. गळला तर माणसाला कळावं म्हणून वास मुद्दाम मिसळतात, आणि आमच्याकडे तो किती मिसळायचा त्या पंपावर माझी ड्यूटी असते.

"म्हंजे मी पडवीतनं इचारते, तो वास तू घालतेस?"

"आमच्या इथून गेलेला गॅस ज्या सिलिंडरात भरतात, त्यात, हो."

"मग खोटं कशापाय बोललीस?"

"तू परत नेशील म्हणून."

"न्हेनारच व्हते," आई म्हणाली. बराच वेळ ती रस्त्यावरचे कंटेनर बघत राहिली. मला रडू येत होतं. नोकरी गेली असंच मी धरून चालले होते. तेवढ्यात ती बाबांकडे वळली. "आज ही नसती तं तुमी बटान दाबलं असतंत. गावात किती जनी दाबत आसतील." मग मला म्हणाली, "चल, वास गेला आसंल तं बर्नर पूस. पातेल्यात दूध हाय आजून. ठेव परत, मी हुबी ऱ्हाते बाजूला."

आणि ती उभी राहिली. शेगडीपासून हातभर अंतरावर, माझं मनगट घट्ट धरून.

संध्याकाळच्या गाडीने ते दोघंच परतले.

त्यानंतर आईशी मी काही लपवत नाही. ती घाबरते, चिडते, कधी फोनच ठेवून देते, तरी सांगते. त्या खोलीला मी कधीपासून घर म्हणायला लागले ते आठवत नाही. बहुधा तिथून खरं बोलायला लागले तेव्हापासून. परवा सांगितलं, आज पहिल्यांदा टाकीच्या अगदी माथ्यावर चढले. वाटलं, आता बोलणी खावी लागणार.

"वरनं काय दिसतं गो?" आईने विचारलं.

खाडी दिसते म्हटलं. जहाजं दिसतात, मुंबई दिसते.

"आन् आपलं म्हसळं?"

"नाही दिसत, आई."

"बरं," ती म्हणाली, "मला सांगत जा."