सायलेन्सरचा बोळा

सकाळी एटीव्हीच्या सायलेन्सरमधला बोळा ओढून काढला, की जळक्या ऑइलचा आणि जुन्या लुगड्याचा मिळून एक वास येतो. आजही आला, आणि मला लोणीच्या मळ्यातली ती दुपार आठवली.

दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ही एटीव्ही, म्हणजे चार जाड चाकांची उघडी गाडी, बंद पडलेल्या एका कृषी पर्यटन केंद्रातून जुनी घेतली होती. गुडघे दुखायचे, म्हणून वरच्या कांद्याच्या वावरात ते हिच्यावरून जायचे. मागे आई बसायची. दादा गेल्यावर गाडी कित्येक वर्षं शेडात उभीच राहिली. मग आईचेही गुडघे धरले, तेव्हा मी अवसरीहून संपत मिस्त्रीला आणलं.

त्यानं कार्बोरेटर धुतला, प्लग बदलला, ताजं पेट्रोल भरलं. दोरी ओढून ओढून आमचे खांदे भरून आले.

"करंट येतोय, पेट्रोल येतंय. अडतंय कुठं, राव?" संपत म्हणाला.

आई चहा घेऊन आली. कप खाली ठेवून ती गाडीच्या मागं वाकली आणि तिनं सायलेन्सरमधून आपल्या हिरव्या लुगड्याचा बोळा ओढून काढला. दर दसऱ्याला गाडीची पूजा झाली की ती नवा बोळा कोंबायची.

"उंदरं शिरत्यात," ती म्हणाली. "तुज्या दादांची गाडी हाय. मला दुसरं काय करता येत व्हतं?"

पुढच्याच ओढीला इंजिन सुरू झालं. मी आणि संपत पोट धरून हसलो. आई मात्र तोवर मागच्या सीटवर चढून बसली होती.

आता आई नाही. शेडात मांजर आहे, उंदीर औषधालाही सापडत नाही. तरी संध्याकाळी मी इंजिन निवायची वाट बघतो, आणि बोळा लावूनच घरात जातो.