टाकीखालचं लाकूड

माशांच्या टाकीतलं पाणी एका बाजूला काठाला टेकलेलं मला सकाळी केर काढताना दिसलं. खालचा लोखंडी स्टँड गंजून एका पायाकडे खचला होता. आम्ही घाईघाईने मासे बादल्यांत काढले आणि टाकी रिकामी केली.

ही टाकी आमच्या नाशिक रोडच्या फ्लॅटमध्ये आली ती माझ्या नवऱ्याचं डायलिसिस सुरू झाल्यावर. सातपूरच्या कारखान्यातली त्यांची टूलरूमची नोकरी तेव्हा सुटली होती. डायलिसिस नसेल त्या दिवशी ते खुर्चीत बसून असत. पाणी मोजकंच प्यायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. फार तहान लागली की ते बर्फाचा खडा तोंडात धरत आणि माशांकडे बघत राहत. "बरा विरंगुळा आहे," असं येणारे-जाणारे म्हणत. मला ते बघवत नसे.

"आता स्टँड लाकडाचाच करू," ते म्हणाले. "मी सांगतो, तू काप."

डाव्या हाताला डायलिसिससाठी शिरा जोडून फिस्टुला केलेला, त्यामुळे त्या हाताने जोर लावायचा नव्हता. उजव्याने करवत चार वेळा ओढली तरी त्यांना धाप लागायची. मी वखारीतून जाड वासे रिक्षात घालून आणले आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये कापायला बसले. ते शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. करवत मी आयुष्यात पहिल्यांदा धरत होते. पहिला पाय तिरका कापला गेला. त्यांनी काटकोनाचा गुण्या लावून पुन्हा रेघ मारून दिली.

आडव्या पट्ट्या मी पायांच्या बाजूने स्क्रू मारून बसवल्या. त्यांनी वाकून बघितलं.

"काढ ते."

"का? घट्ट बसलंय की."

"सगळं वजन स्क्रूवर येतंय. वरची चौकट पायांच्या डोक्यावर बसली पाहिजे. लाकडावर लाकूड. स्क्रू नुसता धरून ठेवायला."

मी सगळं सोडवलं. तळहाताला फोड आले होते, कंबर धरली होती.

"एवढं भक्कम कशाला लागतंय?" मी म्हणाले. "चार मासे तर ठेवायचेत."

"मी नसताना तुला परत करत बसायला नको."

मी करवत तिथेच टाकली आणि वर निघून आले. ओट्याशी उभी राहिले, नळ सोडला, तोंड धुतलं. थोड्या वेळाने खाली गेले तर ते जमिनीवर बसलेले, मांडीवर भुसा, ओठ पांढरे पडलेले. वासा पायाखाली दाबून त्यांनी अर्धा कापला होता.

"दे इकडे," मी म्हणाले. त्यांनी करवत दिली.

मग आम्ही फक्त कामापुरतं बोललो. सांध्यांना गोंद लावला, कोपऱ्यांत तिरके आधार दिले, वर जाड प्लाय टाकला. घरात आणल्यावर त्यांनी लेव्हल लावून बघितली आणि टाकीखाली थर्माकोल अंथरायला सांगितलं. टाकी भरताना पाइप त्यांनी स्वतः धरला. पाणी बोटांवरून टाकीत पडत होतं. टाकी भरली तरी ते पाइप सोडेनात, शेवटी मी जाऊन नळ बंद केला.

दिवाळीनंतर थंडी सुरू झाली आणि ते गेले, डायलिसिस चालू असतानाच. मी हॉस्पिटलात बाहेर बाकावर बसले होते. आत एकदम धावपळ झाली, मग नर्सने मला बोलावलं.

दिवसकार्य होईपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. येईल तो माशांना दाणे टाकायचा, बिचारे उपाशी राहतील म्हणून. माझं लक्ष नव्हतं. पाणी आधी गढूळ झालं, मग त्याला वास सुटला. एका सकाळी सगळे मासे वर तरंगत होते. चहाच्या गाळणीने मी ते एकेक करून काढले.

टाकी दिरांनी खाली नेली. मग ते स्टँड हलवायला गेले, तर तो त्यांना एकट्याने उचलेना.

"वहिनी, कापून काढावा लागेल. सांधे सुटायचे नाहीत."

"नका कापू," मी म्हणाले.

"ठेवायचं काय यावर?"

मी फडक्याने वरचा प्लाय पुसायला घेतला. ते हात झटकून निघून गेले.

मी पुन्हा मासे आणले नाहीत. स्टँडवर आता जुन्या गोधड्यांच्या घड्या असतात. भिंतीला ओल आहे, त्यामुळे पावसाळ्यात त्यांना कुबट वास येतो. ऊन पडलं की गच्चीवर टाकते, संध्याकाळी परत आणून ठेवते.