खाली ठेवलेला वस्तरा

भिकूदादा वस्तरा कधी कुणाच्या हातात देत नसत. कुणी मागितला तर तो मिटून ओटीवर ठेवायचे आणि हात मागे घ्यायचे. मग आपण उचलायचा. पहिल्यांदा मला तो शिष्टपणाच वाटला. मी हात पुढे करून उभी, आणि हे गृहस्थ वस्तरा जमिनीवर ठेवून माझ्याकडे शांतपणे बघताहेत. "हातात दिलेला वस्तरा भांडण घेऊन जातो, बाय," ते म्हणाले. "तुझ्या बापाशी तीस वर्सांत वाकडा शब्द नाय झाला, तो काय उगाच?"

भिकूदादा आमच्या आळीचे न्हावी. मूळचे हेदवीकडचे. उमेदीची काही वर्षं मुंबईत एका सलूनमध्ये काढून रत्नागिरीला आले आणि हत्यारांची धोकटी काखेत मारून घरोघरी जाऊ लागले. अंगाने काडी, डोक्यावर काळी टोपी आणि तोंडात बडीशेप. आमच्याकडे आले की आधी पडवीत जाऊन खळखळून चूळ भरायचे, चार दाणे तोंडात टाकायचे आणि मगच धोकटी उघडायचे. माणसाच्या तोंडाजवळ जायचं तर आपलं तोंड आधी साफ पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. हा नियम आमच्या हेडमास्तरांना कुणीतरी सांगायला हवा होता, पण तो वेगळा विषय.

माझे वडील, आप्पा, बंदर खात्यात कारकून होते. दाढी न करता ते कधी ओटीवरसुद्धा आले नाहीत. ऐंशी साल उलटून गेल्यावर, आळीत पहिला टीव्ही आला त्या वर्षी, त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, पण दाढीचा नेम सुटला नाही. भिकूदादा दिवसाआड येत. लुळ्या पडलेल्या गालाला ते निजलेला गाल म्हणत आणि त्याला जाग येऊ नये इतक्या हलक्या हाताने वस्तरा फिरवत. जबड्याखाली आप्पांना एक चामखीळ होती, तिला वळसा घालून पातं कसं जाई ते बघत राहावं.

गणपतीनंतरच्या एका सकाळी साबणाचा फेस करून झाला, पातं उघडलं, आणि भिकूदादा तसेच बसून राहिले. मग त्यांनी वस्तरा मिटला आणि आज नको, उद्या येतो म्हणाले. मी त्यांच्या मागे पडवीत गेले. त्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरला. तो वाऱ्यावरच्या पानासारखा हलत होता. सकाळी उठल्यावर तासभर बरा असतो, म्हणाले, पण तो तासही आता कमी होत चालला आहे.

मुंबईहून माझ्या भावाने ब्लेडचं यंत्र पाठवलं. त्या यंत्राने पहिल्याच दिवशी चामखिळीतून रक्त काढलं. मग बाजारातल्या सलूनमधला एक पोरगा आणला. त्याने अर्धं ब्लेड घातलेला नवा वस्तरा काढून पाच मिनिटांत काम उरकलं, आणि उशीवर रक्ताचा डाग ठेवून गेला. त्यानंतर आप्पांनी भिंतीकडे तोंड केलं. बंदरातले जुने सोबती भेटायला आले तरी वळले नाहीत. मी धीर करून म्हटलं, मी करू का तुमची दाढी? त्यावर शब्द जुळवत, अर्ध्या तोंडाने ते एवढंच म्हणाले, "लेकीनं दाढी करायची, तर मेलेलं बरं."

हे मी भिकूदादांना सांगितलं आणि रडले. त्यांनी ऐकून घेतलं. मग धोकटीतून एक काळसर दगड काढला, दोन बोटं रुंद, साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. त्यांच्या बापाचा होता तो. "आप्पाला सांगायचा कशाला?" ते म्हणाले. "पण आधी दगड. दुसऱ्याच्या धारेवर हात बसत नाय."

अशी वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, प्राथमिक शाळेची मास्तरीण असताना, मी वस्तरा पाजवायला शिकले. रोज शाळा सुटली की पडवीत. तोवर आप्पांची दाढी भिकूदादाच, हात बरा असेल त्या सकाळी, जमेल तेवढी करत. दगडावर पाणी टाकायचं, पातं सपाट झोपवायचं, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली, आणि धार पुढे ठेवून ओढायचं. टोकाला पोचल्यावर पातं उचलायचं नाही, पाठीवरच उलटं करायचं आणि परत फिरायचं. मग चामड्याचा पट्टा. तिथे नेमकं उलट, पाठ पुढे आणि धार मागे. पहिल्याच आठवड्यात मी हे विसरले आणि पट्ट्याला चीर पाडली. भिकूदादा त्या चिरेवरून बोट फिरवत म्हणाले की चला, हा आता तुझा पट्टा झाला.

ते शिकवत ते कानाने. डोळे मिटून चिऱ्याच्या पायरीवर बसायचे आणि म्हणायचे, "दामटू नको गो. तो आपल्या वजनानं जातो." माझा हात जड पडला की दगड कुरकुरे, तो त्यांना लगेच कळे. नीट चाललं की सुपात तांदूळ पाखडल्यासारखा बारीक आवाज येई, आणि मग ते डोळे न उघडता मान डोलवत. सुरू करण्यापूर्वी मात्र रोज विचारायचे की आज शाळेत कुणाला मारलंस का. मारलं असेल तर त्या दिवशी दगड बंद. "रागाचा हात धार खातो," हे त्यांचं म्हणणं. माझ्या वर्गातल्या पोरांचे ते दिवस फार सुखात गेले.

एकदा पट्टा कोरडा वाटला म्हणून मी शहाणपण केलं. आमच्याकडे केसांपासून बिजागरीपर्यंत सगळ्याला खोबरेल तेल. मी पट्ट्यालाही चोळलं, सढळ हाताने. दुसऱ्या दिवशी पातं त्यावरून नुसतं घसरायला लागलं, धार म्हणून चढेना. भिकूदादांनी पट्टा नाकाशी नेला आणि विचारलं, "पट्ट्याची वेणी घालणार होतीस?" तेल कशाने निघेल ते त्यांनाही सुचेना. मी शाळेतून खडूचे तुकडे आणले, कुटून पूड केली आणि दोन दिवस पट्टा त्यात पुरून ठेवला. तेल निघालं. त्या पुडीने पट्टा आधीपेक्षा बरा झाला असं भिकूदादांनीच कबूल केलं, आणि पुढे आळीत सगळ्यांना सांगत सुटले की ही युक्ती आमच्या बायची.

परीक्षा माझ्याच केसावर व्हायची. एक केस तोडून, चिमटीत धरून धारेवर टेकवायचा. महिनाभर केस नुसता वाकायचा. मग तुटायला लागला, तेव्हा मी खूश झाले, पण भिकूदादा खूश नव्हते. "तुटला तर धार नाय. पडला तर धार," ते म्हणाले. दिवाळी उलटल्यावर एका संध्याकाळी केस टेकवला आणि तो आवाज न करता पडला. मी वर पाहिलं. भिकूदादांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली. एवढीच माझी पदवी.

दुसऱ्या सकाळी त्यांनी मला चूळ भरायला लावली, बडीशेप दिली आणि बांगड्या काढायला सांगितलं. आप्पा दाढीला डोळे मिटून घेत, तेवढाच आमचा आधार. भिकूदादा त्यांच्या कानाशी बसून बंदरातल्या जुन्या गप्पा सांगू लागले आणि मी वस्तरा उघडला. निजलेला गाल, चामखिळीचा वळसा, हनुवटी. माझा हात हलला नाही. झाल्यावर आप्पांनी डावा हात दोन्ही गालांवरून फिरवला आणि म्हणाले, "भिकू, हात बरा आहे आज." भिकूदादा हो म्हणाले, आणि पडवीत येऊन टोपीने डोळे पुसले.

हे नाटक दोन वर्षं चाललं. आप्पा पुन्हा माणसांकडे तोंड करून बसू लागले. भिकूदादांना चालणं कठीण झालं, तरी दिवसाआड काठी टेकत यायचे, फक्त बोलायला. शेवटच्या आजारात एका सकाळी दाढी झाली आणि आप्पांनी गालावरचा हात माझ्या मनगटावर ठेवला. डोळे मिटलेलेच होते. म्हणाले, "सुमे, आता बांगड्या घाल." चार दिवसांनी ते गेले.

नंतर मी भिकूदादांना म्हटलं, आप्पांना ठाऊक होतं हो. त्यांना त्याचं जराही नवल वाटलं नाही. "माझ्या हाताखाली आप्पा तीस वर्सांत कधी घोरला नाय," ते म्हणाले. "तुझ्या हाताखाली घोरायचा. माझ्या गप्पा कोण आयकत होता?"

त्याच वर्षी मे महिन्यात त्यांचा मुलगा त्यांना हेदवीला न्यायला आला. मी एसटी स्टँडवर गेले. गाडी लागली होती, ते खिडकीपाशी बसले होते. त्यांनी धोकटीतून वस्तरा काढला आणि खिडकीतून माझ्यापुढे धरला. खाली ठेवायला तिथे जागाच नव्हती, म्हणून मी घुटमळले. त्यांचा हात हलत होता, त्याबरोबर वस्तराही.

"हातात दिला की भांडण होतं ना, दादा?" मी विचारलं.

"होऊ दे," ते म्हणाले. "भांडायला तरी येशील."

मी तो हातात घेतला. येते म्हटलं, दिवाळीची सुट्टी लागली की लगेच. मग शाळा, बदली, माझं उशिरा झालेलं लग्न. हेदवी काही फार लांब नाही. दोन पावसाळे गेले, आणि त्यांच्या मुलाचं पत्र आलं.

दर दसऱ्याला मी दगडावर पाणी टाकते, वस्तरा पाजवते, माझा एक केस, आता पांढरा, त्याच्या धारेवर टेकवते. तो पडतो. मग वस्तरा मिटून खाली ठेवते आणि हात मागे घेते. भांडायला जायचं तेवढं राहून गेलं.