फुन्मी गुडघ्यांवर बसली तेव्हा

खरं सांगते, त्या ईस्टरच्या सकाळी मी देवाकडे वाईट मागितलं. "प्रभू, हिचं गाणं फसू दे," एवढंच. जालन्याच्या आमच्या चर्चचा गायकवृंद बावीस वर्षं माझ्या हातात होता. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास, चारही सूर मी एकेकाच्या गळ्यात बसवले. आणि ही नायजेरियाची फुन्मी, पाळकसाहेबांच्या लेकीची मैत्रीण, संभाजीनगरला फार्मसी शिकायला आलेली, सुट्टीत पाळकसाहेबांकडे राहायला आली आणि महिनाभरात सगळ्यांची लाडकी होऊन बसली. तिच्या योरुबा लोकांत एकजण गाऊन हाक देतो, बाकीचे गाऊन उत्तर देतात. ईस्टरच्या गाण्यासाठी ते उत्तर तिनं आमच्या चार सुरांत बांधलं. काखेत दाबलं की सूर बदलणारं एक ढोलकंही होतं तिच्याकडे. माझ्या तालमीला दांड्या मारणारे तिच्या तालमीला अर्धा तास आधी हजर! माझा नुसता जळफळाट झाला. घसा बसलाय असं खोटंच सांगून मी तालमी सोडल्या. पण राहवेना. रोज शेजारच्या खोलीत गीतपुस्तकं लावायच्या निमित्तानं कान देऊन बसायचे.

उपासनेत तिची वेळ आली. मी मागच्या बाकावर. ती समोर उभी राहिली आणि गाणं सुरूच करेना. मंडळी चुळबुळली. मला, देवा माफ कर, बरं वाटलं. मग ती खाली उतरली, थेट माझ्यापाशी आली आणि दोन्ही गुडघे टेकून बसली. पाळकसाहेबांची लेक मागोमाग आली. "बाई, त्यांच्यात मोठ्यांचा आशीर्वाद घेतल्याबिगर गाणं सुरू करत न्हाईत. हे गळे तुम्हीच तयार केले ना. तुमच्यासाठी थांबून राह्यली ती."

जिचं फसावं म्हणून सकाळी हात जोडले, तिच्याच डोक्यावर ते ठेवायची पाळी आली. मला रडू फुटलं. "गा, पोरी," एवढंच म्हणाले. तिनं माझा हात धरून मला पुढं नेलं. तिची हाक आली आणि माझ्या तोंडून आल्टोचं उत्तर निघालं, एकही शब्द न चुकता. महिनाभर जळत जळत ऐकलेलं सगळं पाठ झालं होतं. शेजारचा टेनर पुटपुटला, "बाई, घसा तर बराबर उघडला की."

याला चमत्कार म्हणा, नका म्हणू. मी मागितलेलं प्रभूनं दिलं नाही, त्याचे उपकार मी रोज मानते. बावीस वर्षं मीच हाक देत आले. त्या दिवशी पहिल्यांदा नुसतं उत्तर दिलं, आणि जिवाला फार हलकं वाटलं.