शमुवेलच्या नावानं

कोल्हारहून आलेला माणूस शाळेच्या दाराशी सायकल टेकवून घाम पुशीत उभा राहिला, तेव्हा मी मुलींना शिवण शिकवत होते. "बाई, मास्तर गेलं," तो म्हणाला. "सकाळी चहा पेलं, पडवीत बसलं, आन् बसल्याजागीच..." मी मुलींना घरी सोडलं आणि देवळालीहून मिळेल त्या गाडीनं निघाले. वाटेत रडू आलं नाही. शांतवन मास्तर माझे सख्खे मामा. आई गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं, शिकवलं, मास्तरीण केलं. पण त्यांच्या घरात रडण्याची रीत नव्हती. आज महिना उलटून गेल्यावर लिहायला बसले आहे, तर तोच कोरडेपणा माझ्याही हाताला लागलेला दिसतो.

मिशनच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मामा प्रवरेच्या पाटावरचा आपला जमिनीचा तुकडा स्वतः कसत. माणूस अबोल, हट्टी, आणि कुणी अशुद्ध बोललं की तिथल्या तिथं सुधारणारा. मामी मात्र जन्मभर खेड्याचंच बोलल्या. त्यांना सुधारायची हिंमत मामांना झाली नाही. शमुवेल हा त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याला पाळक व्हायचं होतं, नगरला जाऊन धर्मशिक्षण घ्यायचं होतं. मामा म्हणाले, आधी जरा जग बघ. तेवढ्यात लढाई पेटली, आणि शमुवेल आपला जोडीदार दानिएल याच्याबरोबर फौजेच्या दवाखान्यात भरती झाला. भरतीची कल्पना दानिएलची होती, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

शमुवेल गेल्याची तार आली तेव्हा मामा शेतात पाणी देत होते. तारेत आजारानं मृत्यू एवढंच होतं. ती वाचून त्यांनी खिशात ठेवली आणि पाण्याची पाळी संपेपर्यंत शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी दिलं. लोक म्हणाले, काळीज आहे की दगड? पुष्कळ दिवसांनी मामा मला म्हणाले, "तुझ्या मामीला काय सांगायचं, ते मला ठरवायचं होतं. पाणी संपलं, तरी ठरलं नाही."

लढाई संपल्यावर चर्चच्या मंडळीच्या पंचांनी सुचवलं की देवळाच्या भिंतीत शमुवेलच्या नावाची संगमरवरी पाटी बसवू. मामा म्हणाले, "पाटी नको. त्याला शिकायचं होतं, तर त्याच्या नावानं कुणीतरी शिकू दे." पाटाखालचा तो तुकडा त्यांनी मंडळीच्या नावावर करून दिला. त्यातल्या उसाच्या गुळावर गरीब घरच्या तरुणांनी नगरला जाऊन पाळकाचं शिक्षण घ्यायचं, अशी शिष्यवृत्ती ठरली. मामांचा थोरला भाऊ तावातावानं आला. "नाव चालवायला पोरगा ऱ्हायला न्हाई, आन् आता जमीन बी देऊन बसतोस?" मामा म्हणाले, "नाव चालावं म्हणूनच देतोय, दादा." भाऊ चहा न घेताच उठून गेला.

पहिल्या वर्षी उपासनेनंतर मामांच्या पडवीत पाळक, दोन पंच आणि शिकू इच्छिणारे तिघं तरुण जमले. मी मामींना भाकरी करू लागत होते. दार उघडं होतं. तिसरा तरुण दानिएल निघाला. लढाईवरून परत आल्यापासून तो मामांच्या गल्लीतून जात नसे, नदीकडच्या वाटेनं वळसा घाली. त्याला बघताच एक पंच उसळले, "मास्तर, ह्याच्याच नादानं तुमचा लेक गेला!"

"मला माहीत आहे," मामा म्हणाले. "बसू द्या त्याला." मग त्यांनी दानिएलला विचारलं, "शमुवेल गेला तेव्हा तू जवळ होतास?"

"व्हय, गुर्जी."

"कसा गेला?"

पाळकांनी सांभाळून घेण्यासाठी म्हटलं, "प्रभूचं नाव घेतच गेला असेल, नाही का रे?" एवढं "हो" म्हटलं असतं तर सगळं सोपं झालं असतं.

"न्हाई," दानिएल म्हणाला. "हगवन लागली हुती. लई तरास झाला त्याला. मी म्हन्लं, प्रार्थना करू. त्यानं माझा हात झटकला. देवावर वरडत हुता. म्हन्ला, मला तुझीच चाकरी करायची हुती, मंग हितं कशाला आनलंस? मंग दमला. आईला हाक मारली... तेवढंच."

"आईबापाच्या तोंडावर असलं सांगतात व्हय रे?" पंच ओरडले.

मामी पिठाच्या हातांनीच उंबऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. "सांगू द्या त्याला. भांडलं तरी देवासंगंच बोलत हुतं ना माझं लेकरू?"

मामा उठून अंगणात गेले. रांजणातलं पाणी घेऊन त्यांनी तोंड धुतलं, परत येऊन बसले आणि पाळकांना म्हणाले, "पहिला मान ह्याचा." दानिएल तिथंच गुडघ्यात डोकं घालून रडला. त्याला जेवल्याशिवाय मामींनी जाऊ दिलं नाही.

मागाहून मी मामांना विचारलं, त्यालाच का? ते म्हणाले, "सांत्वनाला पुष्कळ आले, गोड बोलून गेले. कुणाचंच खरं वाटलं नाही. उद्या हा कुणाच्या दारी गेला, तर त्या माणसाला ह्याचं खरं वाटेल."

दानिएल शिकला, आता संगमनेरकडं एका खेड्यात पाळक आहे. त्याच्यानंतरचा मुलगा नगरहून पळून आला. मामा त्याच्यावर रागावले नाहीत. तो पुन्हा गेला नाही, गावातच सुतारकाम करतो. तिसरा सध्या शिकतो आहे. दर सुट्टीला ही मुलं मामांकडं येत, आणि मामा त्यांचं बोलणं सुधारत बसत.

मामांना माती दिली ती दानिएलनं. संध्याकाळी आम्ही घरात दिव्याभोवती बसलो. या वेळेला मामा रोज प्रार्थना करीत आणि तीत मुलांची नावं घेत: आधी शमुवेल, मग दानिएल, मग पळून आलेला सुतार, मग शिकणारा. तो क्रम कधी चुकला नाही, आणि सुताराचं नाव कधी गळलं नाही. त्या संध्याकाळी मामांच्या जागेवर मामी बसल्या. त्यांनी डोळे मिटले आणि त्याच क्रमानं एकेक नाव घेतलं. दानिएलचं नाव आलं तेव्हा शेजारी बसलेल्या दानिएलनं मान खाली घातली. शेवटचं नाव झालं, आणि मामी थांबल्या... बराच वेळ थांबल्या. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात कधी उच्चारलं नव्हतं.

"आन् ह्यांना बी," त्या म्हणाल्या. "आमेन."