माझी बहीण किंचाळत नव्हती

मालिकावाल्यांवर माझा राग आहे. बरीच वर्षं झाली, तरी तो मी सोडलेला नाही.

उल्हासनगरच्या घाऊक दुकानांतून गाऊन आणि परकर उचलायचे आणि बदलापुरात घरोघर विकायचे, असं करत करत मी स्वतःचा गाळा घेतला. मला पाहिलं की सिंधी शेठ गल्ल्यामागूनच ओरडायचा, "पाणी आण रे, बाई आली भांडायला!" मी भांडायचेच. खोटा माल खरा म्हणून कुणी दाखवला की माझं डोकं सणकतं. आणि टीव्हीनं आमच्या घरात नेमकं तेच केलं.

माझी धाकटी बहीण अंबरनाथला एका केमिकल कंपनीत पॅकिंगला होती. एका दुपारी शेडमध्ये ड्रम फुटला. तिच्या शेजारी उभी असलेली बाई भाजून गेली. बहिणीला ओरखडाही आला नाही. ती घरी आली, तिनं भात लावला, सगळ्यांना वाढलं. जो तो म्हणाला, सुटली बिचारी.

काही दिवसांनी तिचं ते 'जाणं' सुरू झालं. भाकरी थापता थापता हात थांबायचे. डोळे उघडे, पण हाक पोचायची नाही. तव्यावरची भाकरी काळी व्हायची. मग हळूच भानावर येऊन ती विचारायची, "ही मी टाकली?" एवढंच. रडणं नाही, ओरडणं नाही.

तिचं सासर कुळगावात. चाळीत टीव्ही त्यांच्याकडेच, त्यामुळे मालिकेच्या वेळी निम्मी चाळ त्यांच्या खोलीत. तेव्हा जी मालिका चालू होती, तिच्यातल्या नायिकेनंही डोळ्यांसमोर भयंकर काही पाहिलेलं होतं. मधूनच ती 'दुसरी' व्हायची. आधी वीज कडाडायची. मग तिचा चेहरा तीन-तीनदा पडद्यावर आदळायचा, केस आपोआप सुटायचे, आवाज घोगरा व्हायचा आणि ती सासूचा गळा धरायची. एका भागात डॉक्टरनं चष्मा काढून सांगितलं, तोच धक्का पुन्हा बसला तर ही बरी होईल.

झालं. सगळी चाळ डॉक्टर झाली.

आधी बहिणीची सासू म्हणाली, "हिचं नाटक आहे. खरं असतं तर मालिकेतल्या त्या बाईसारखी ओरडली नसती का?" मग तिला भीती वाटायला लागली की आज ना उद्या ही ओरडेल आणि आपला गळा धरेल. दिराला मात्र उपचार करायची घाई. बहीण मोरीत भांडी घासत होती आणि पाच वर्षांची लेक तिच्या पाठीला टेकून बसली होती, तेव्हा त्यानं मागून सुतळी बॉम्ब लावला. तोच धक्का पुन्हा, म्हणून!

बहीण दिवसभर भानावर आली नाही. मोरीतच बसून राहिली, हातात राख लावलेला काथ्या. पोरगी आठवडाभर कुकरची शिट्टी झाली तरी खाटेखाली शिरायची. आणि सासरच्यांनी काय करावं? बहिणीला माझ्याकडे आणून सोडलं आणि लेक ठेवून घेतली. "असल्या बाईजवळ पोर ठेवायची नाय," असा निरोप.

मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. सोसवत नाही तेव्हा मन जरा वेळ बाजूला होतं. हे वेड नाही, अशी माणसं कुणाच्या अंगावर जात नाहीत. दचकवू नका. ती कुठे आहे ते हळू आवाजात सांगा, हातात ओळखीचं काही द्या. वेळ लागेल, पण कमी होईल.

आमच्यात घरची भांडणं बुद्धविहारात मिटवायची पद्धत. रविवारची वंदना झाली की मंडळी तिथेच थांबायची. आम्ही गेलो. सासू, दीर, बहिणीचा नवरा, तेही आले, पोरीला घेऊन.

सासूनं सुरुवात केली. "टीव्हीवर रोज दाखवतात ना, तसंच आहे हे. उद्या पोरीचा गळा दाबला तर?"

"मावशी, तुमचा दाबला का आजवर?" मी विचारलं. "इच्छा तर कुणालाही होईल."

मागच्या बायका हसल्या. सासूचा चेहरा लाल झाला. "बघा, कशी बोलते! हिच्या बहिणीच्या अंगात काहीतरी शिरलंय."

मी याचीच वाट बघत होते. "अंगात? आता तुम्ही देवदेव सोडायच्या बावीस प्रतिज्ञा म्हटल्या ना आमच्याबरोबर? मग तिच्या उशीत अंगाऱ्याची पुडी कुणी शिवली?"

विहारात चुळबूळ झाली. वंदना घेणारे काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "वहिनी, खरं का हे?" सासूनं पदर सारखा केला.

आणि तेवढ्यात बहीण गेली. सगळ्यांसमोर. हात मांडीवर, डोळे समोरच्या भिंतीवर. दीर चार हात मागे सरकला. बायका माना पुढे काढून बघायला लागल्या. आता केस सुटणार, आता आवाज बदलणार! काही झालं नाही. पंखा फिरत होता आणि ती बसली होती.

पोरगी आजीचा हात सोडून उठली. तिनं आपली लाल रिबीन आईच्या हातात दिली. "आई, आपण विहारात आहोत. मावशी आहे, बाबा आहेत. माझी वेणी सुटली." हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. थोड्या वेळानं बहिणीची बोटं हलली. तिनं रिबीन चाचपली, लेकीला पुढ्यात ओढलं आणि वेणी घालायला लागली.

"हे आहे ते," मी म्हणाले. "बघून घ्या. यात वीज कडाडत नाही."

बहिणीचा नवरा पुढे सरकला. तो म्हणाला, "ताई, मी नेतो दोघींना घरी. दवाखान्यातही मीच नेईन." मी लगेच अटी घातल्या. अंगारा बंद, फटाके बंद, दवाखाना चालू. काकांनी मान डोलावली, सासूनंही डोलावली. जमलेला सौदा पुन्हा उघडायचा नसतो, म्हणून मी उठले.

बहीण उठेना. "माझं एक राहिलं," ती म्हणाली.

मी तिला चिमटा काढला. तिनं माझा हात बाजूला केला.

"भावजींनी माफी मागायची."

दीर फिस्कारला, "अगं वहिनी, मी तुझ्या भल्यासाठीच..."

"नाहीतर मी येत नाही, आणि पोरगीही येत नाही."

सौदा मोडला, असं मला वाटलं. मी तोंड उघडणार एवढ्यात काका म्हणाले, "माग रे बाबा." दीर खाली बघत पुटपुटला, "वहिनी, चुकलं."

"मला नाही," बहीण म्हणाली. "हिला सांगा. मोठ्यानं नको, घाबरते ती."

तो एवढा थोरला माणूस पोरीपुढे उकिडवा बसला आणि हळू आवाजात तिला म्हणाला, "चुकलं काकाचं." पोरीनं आईकडे पाहिलं. आईनं वेणीची गाठ मारली आणि म्हणाली, "चला घरी."