चिकूचा कान

बकरी ईदचा बंदोबस्त लागला की मला अजून तो कापलेला कान आठवतो. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, कंपन्यांच्या गेटवरच्या मारामाऱ्या तर किती पाहिल्या त्याला मोजमाप नाही. तरीही कुणी म्हणालं, "मॅडम, एखादी केस सांगा," की तोंडात पहिली येते ती बकऱ्याची. ऐकणारे हसतात. त्या दिवशी मात्र कुणी हसत नव्हतं.

मी तेव्हा चाकण पट्ट्यातल्या एका ठाण्याची निरीक्षक होते. राहायला चिंचवडला. ईदच्या आधीचा आठवडा म्हणजे रजा बंद, सुट्ट्या बंद आणि फोन चालू. "अमक्या टेम्पोत जनावरं कोंबलीत." "आमच्या पार्किंगमध्ये बकरे बांधलेत, वास येतो." बहुतेक फोनच्या मागे शेजाऱ्यावरचा जुना राग असायचा. एखादा खरा निघायचा. पिकअपला फळ्या टाकून दोन मजले केलेले, जनावरांचे पाय बांधलेले, पाण्याचा थेंब नाही. अशा गाडीचा मालक, चालक, दलाल आणि गिऱ्हाईक एका ओळीत उभे केले तर त्यात सगळ्या धर्मांचे लोक निघत. दात किती, वजन किती, हे सगळे विचारत. कसा आणला, हे मी कुणाला विचारताना ऐकलं नाही.

ईदच्या आदल्या दिवशी सकाळी एका घरमालकाचा फोन आला. गावातलाच जुना माणूस. शेत एमआयडीसीत गेलं, उरलेल्या तुकड्यावर त्याने पत्र्याच्या खोल्या काढून कामगारांना भाड्याने दिल्या होत्या.

"म्याडम, लवकर या. बकऱ्याचा कान कापलाय कुनीतरी. दोन्ही बाजूची पोरं जमल्यात. माझ्याच्यानं न्हाई आवरत."

"बकऱ्याचा?"

"व्हय, कुर्बानीच्या. तुमी या आधी, मंग इचारा."

मी जीप काढायला सांगितली, पण निघायच्या आतच वस्ती ठाण्यावर आली. पुढे एक तिशीचा माणूस, घामाने निथळलेला. त्याच्या मागे चाळीस-पन्नास जण. मधोमध एक सडपातळ पोरगा, शर्टाची बाही फाटलेली, त्याला दोघांनी दंडाला धरलेलं. थोड्या वेळाने त्या पोराच्या बाजूचेही तितकेच लोक आले आणि गेटच्या दुसऱ्या अंगाला उभे राहिले. दोन्हीकडचे मोबाइल वर होते.

पुढचा माणूस म्हणजे तक्रारदार. मूळचे लातूरकडचे दोन भाऊ त्या खोल्यांत शेजारी शेजारी राहत. मी त्यांना थोरला आणि धाकटा म्हणेन. बकरा थोरल्याने काही महिन्यांपूर्वी चाकणच्या बाजारातून आणून घरीच वाढवलेला. तक्रार मात्र धाकटा करत होता.

"मॅडम, जानबूझ के किया है. कान कापलेला बकरा कुर्बानीला चालत नाही. उद्या ईद आहे. एफआयआर घ्या, त्याशिवाय आम्ही इथनं हलत नाही."

"बसा आधी. तुम्ही ओरडल्याने माझा पेन जोरात चालणार नाही."

"याने केलंय! याचं स्टेटस बघा!"

स्टेटस बघितलं. बकऱ्याचा फोटो, खाली लिहिलेलं, 'मुक्या जिवाला जगू द्या.' फोटोतला बकरा हाच. अंगावर चिकूच्या सालीचा रंग, म्हणून नाव चिकू.

ठाणे अंमलदार डायरी उघडून माझ्याकडे बघत होता. गुन्हा दाखल केला तर पुढचं सगळं मला दिसत होतं. पोरगा जालन्याचा, शेजारच्या रांगेतला. एका कंपनीत ठेकेदाराकडे काम करत होता आणि त्याला कंपनीच्या रोलवर घ्यायचं ठरलं होतं. त्यासाठी लागणाऱ्या चारित्र्य पडताळणीचा अर्ज माझ्याच ठाण्यात अहवालासाठी आलेला. घरी बाप अंथरुणाला खिळलेला. धार्मिक भावना दुखावल्याचा गुन्हा एकदा नावावर चढला की अर्ज तिथेच संपला असता. पुढे निर्दोष सुटला असता तरी जागा कुणी धरून ठेवत नाही.

"आधी पंचनामा, मग पशुवैद्यकीय तपासणी, मग गुन्हा," मी धाकट्याला सांगितलं.

"आणि हा तोवर पळाला तर?"

"तोवर हा माझ्या खोलीत बसेल. तुम्ही व्हरांड्यात. चहा दोघांनाही मिळेल."

पोराला आत घेतलं. हवालदार दारापाशी उभे राहिले. ते स्वतः मुसलमान, निवृत्तीला आलेले, बोलायला कंजूस. अशा बंदोबस्तात दोन्ही बाजू त्यांच्याकडेच संशयाने बघतात, म्हणून ईदच्या आठवड्यात ते आणखी कमी बोलत.

"सकाळी कुठे होतास?"

"खोलीवर. आज ऑफ आहे. झोपलो होतो मॅडम, आईशप्पथ."

"बकऱ्याजवळ जायचास?"

"रोज. काकडीची सालं द्यायचो. चाचा पण काही म्हणायचे नाहीत."

"मटण खातोस?"

तो गडबडला. "खातो. रविवारी."

"मग त्या मुक्या जिवाचं काय?"

"ते ओळखीचं नसतं मॅडम."

इतक्या खरं बोलणाऱ्या आरोपीशी कसं वागायचं, ते प्रशिक्षणात शिकवत नाहीत. मी आवाज चढवला. "म्हणून कान कापलास? उद्या कापला जाऊ नये म्हणून?"

"कान कापला की... म्हणजे उद्या कापणार नाहीत त्याला?"

"चालत नाही कुर्बानीला. बाहेर इतका वेळ तेच ओरडतायत."

"मला वाटलं, ते कान कापला म्हणून ओरडतायत." मग त्याचा चेहरा एकदम उजळला. फाटक्या बाहीने, सुजलेल्या ओठाने तो चक्क हसला. "म्हणजे चिकू वाचला?"

माणसं रडण्याचं सोंग चांगलं आणतात, शपथा तर त्याहून चांगल्या घेतात. स्वतःवर गुन्हा दाखल होत असताना बकऱ्यासाठी झालेला आनंद आणायला फार मोठा नट लागतो. हा तो नव्हता. नियम त्याला माहीतच नव्हता.

मी हवालदारांना बाहेर घेतलं. "नियम नेमका काय?"

"जनावर धडधाकट पाहिजे मॅडम. लंगडं, आंधळं, आजारी नको. कानाला बारीक चीर असली तर चालवून घेतात. मोठा भाग गेला तर नाही."

"किती मोठा?"

"तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त, असं आमच्याकडे धरतात." मग न विचारताच बोलले. "आणखी एक आहे. जनावराला उगाच दुखवणं आमच्यात गुनाह आहे. त्याच्यासमोर सुरीला धार लावत नाहीत, दुसऱ्या जनावरासमोर कापत नाहीत, आधी पाणी पाजतात. निदान असं करावं, असं सांगितलंय. करतात किती, ते तुम्ही टेम्पोत बघताच."

खोल्यांवर गेलो तेव्हा पशुवैद्य डॉक्टर आले होते. मागच्या बाजूला पत्र्याची छोटी शेड. चिकू उभा, डावा कान जवळजवळ अर्धा गेलेला, जखमेवर हळद दाबलेली. थोरला भाऊ त्याच्या गळ्यातली दोरी धरून बसला होता. पन्नाशीचा, दाढी निम्मी पांढरी, गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. मी आल्यावर उठला आणि पहिलंच वाक्य बोलला, "जाऊ द्या ना मॅडम. पोरगं आहे. सोडून द्या."

"त्यानेच केलं, हे पाहिलं तुम्ही?"

"मी काय बघणार? पहाटे फजरची नमाज पढून आलो तर असं."

शेजारच्या बायकांना विचारलं. सगळ्यांचं एकच गाऱ्हाणं. बकरा परका माणूस जवळ आला की केकाटतो, दुपारची झोप हराम करतो. सकाळी केकाटला का? नाही. एकदा ओरडला तेवढंच, मग गप्प. आणि हा पोरगा गेला तर? त्याला बघूनही केकाटत नाही, काकडी देतो ना. म्हणजे एवढ्याने पोराची सुटका होत नव्हती.

डॉक्टरांनी मला जवळ बोलावलं. "धारदार पात्याने एका घावात कापलाय. आणि हे बघा." कापलेल्या कडेच्या खाली, केसांत, बारीक दातेरी वळ उमटला होता. "आधी पट्टीने आवळून बांधलंय. रक्त कमी जावं म्हणून. कापून झाल्यावर काढलंय."

तसला वळ मी ओळखत होते. वायरी आवळायची प्लॅस्टिकची पट्टी, केबल टाय. आमच्या पट्ट्यात तो पेनापेक्षा जास्त घरांत सापडतो, त्यामुळे पुरावा म्हणून कुचकामी. पण चीड काढायला आलेला माणूस आधी रक्त थांबवायची सोय करत नाही. आपण इतका वेळ द्वेष करणारा शोधत होतो. शोधायला हवा होता तो माया करणारा, आणि नियम माहीत असलेला.

डॉक्टर जखम धुऊ लागले. चिकू उभा राहिला, थरथरला, पण सोसत राहिला. "याला जरा धरा," डॉक्टर थोरल्याला म्हणाले. थोरल्याने गळ्याखालून हात घेतला तोवर ठीक होतं. हात कानाकडे वळला तशी चिकूने मान झटकली आणि तो डॉक्टरांच्या पायांत शिरला. परक्या माणसाच्या पायांत. थोरल्याचा हात हवेतच राहिला. मी त्याच्याकडे बघत होते, हे त्याला कळलं.

"चला," मी म्हटलं. "जबाब घ्यायचाय."

ठाण्यात त्याच्यापुढे चहा ठेवला. त्याने घेतला नाही. मी केबल टायचं बोलले, बायकांचं बोलले.

"चिकूने मघाशी जबाब दिलाय," मी म्हटलं. "आता तुमचा द्या."

त्याने चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाला, "मौलाना म्हणाले होते, आधीपासून घरी आणा, खाऊपिऊ घाला. जे आवडतं ते द्यायचं असतं. म्हणून आणला. कामावरून आलो की बसची चाहूल ओळखायचा हा."

"ठेवून घ्यायचा होता तर सरळ ठेवायचा. दुसरा आणायचा."

"नियत केली होती मॅडम, हाच देणार म्हणून. सगळ्यांसमोर बोललो होतो. आता मागे फिरलो तर भाऊ म्हणणार, बकऱ्यापुढे ईमान ढिलं पडलं."

"म्हणून कान कापून देवाला फसवायला निघालात?"

"त्याला कोण फसवणार? त्याने बघितलंच. मी माणसांना फसवलं." मग पुटपुटला, "जनावराला दुखवलं त्याचा हिशेब वेगळा होईल. तो द्यावा लागेल मला."

"आणि त्या पोराचा हिशेब?"

"मला वाटलं, दोन दिवसांत लोक विसरतील," एवढंच म्हणाला. त्याला देवाची भीती होती, भावाची होती. शेजाऱ्याच्या पोराचं काय होईल, हे त्याच्या मनात शिरलंच नव्हतं. वाईट माणूस नव्हता. असे वाईट नसलेले लोकच मला नोकरीत सगळ्यात जास्त थकवून गेले.

मी त्याला व्हरांड्यात नेलं. धाकटा, घरमालक, पोरगा, दोन्ही बाजूंचे चार-चार लोक. "आता इथे बोला. माझ्यापाशी बोललात तसंच."

तो बोलला. धाकट्याने डोक्यावरची टोपी काढून बाकावर आपटली.

"भाईजान, एका बकऱ्यापायी सगळी वस्ती पेटली असती! मला सांगायचं होतं ना!"

"तू हसला असतास."

"हसलो असतो! मग काय झालं असतं?"

पोरगा पुढे आला. मला वाटलं, हात उचलतो की काय. "चाचा, मला सांगितलं असतं तर मीच सोडून नेला असता त्याला."

"म्हणून तर नाही सांगितलं बेटा. तुझ्यावर चोरीचा आळ आला असता."

"मग आता काय वेगळं झालं?"

थोरल्याने हात जोडले. पोराने ते धरले नाहीत, झिडकारलेही नाहीत. "चिकू खातोय का?" त्याने विचारलं. सकाळपासून हा प्रश्न विचारणारा तो पहिला माणूस.

गुन्हा मी दाखल केला, पण थोरल्यावर, प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धच्या कायद्याखाली. कान प्रेमाने कापला तरी तो कापलाच. कोर्टात त्याने लगेच कबूल केलं, दंड भरला. पोरगा आपल्याला मारणाऱ्यांची तक्रार द्यायला तयार नव्हता, तरी मी त्या दोघांना बोलावून लेखी ताकीद दिली. धाकट्याने त्याच संध्याकाळी दुसरा बकरा आणला आणि ईद पार पडली. त्या बकऱ्याला कुणी नाव ठेवलं नाही.

पोराचा अहवाल मी स्वच्छ पाठवला आणि त्याचं काम झालं. पण ठाण्याच्या दारातला व्हिडिओ, 'कुर्बानीच्या बकऱ्याचा कान कापणारा' म्हणून, महिनाभर फिरत राहिला. खरं काय घडलं तो व्हिडिओ कुणी काढलाच नव्हता. पोराने खोली बदलली, पार रावेतला गेला.

या केसने मला काय शिकवलं? वस्तीत काही विपरीत घडलं की आपण आधी शत्रू शोधतो, कारण त्यासाठी फारशी ओळख लागत नाही. घरच्या माणसाचं मन शोधायला वेळ लागतो, आणि गर्दी तेवढा वेळ देत नाही. तो काढून देणं हेच ठाण्याचं काम. जनावरांबद्दल म्हणाल तर शिकवण त्यांच्याकडे आहे, आपल्याकडेही आहे. अडतं ते नंतर. बिनओळखीच्या जनावराला आपण काहीही होऊ देतो, आणि ओळखीच्या जनावरासाठी माणसाला काहीही होऊ देतो.

बदली झाली तेव्हा निघण्याआधी त्या बाजूला एका समन्सच्या कामाने गेले होते. शेडमध्ये चिकू होता, चांगला जाडजूड झालेला. थोरला त्याला उजव्या बाजूने बसून भाकरीचा तुकडा भरवत होता.

"ओळखतो का अजून?" मी विचारलं.

"ओळखतो ना. बसचा आवाज आला की उभा राहतो." त्याने भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला. "पण या डाव्या बाजूने अजून हात लावू देत नाही, मॅडम."